पांढऱ्या गोकर्णीची पहिली शेंग

मित्रांनो, पोखर्णीला नृसिंहाच्या देवळाकडे निघालात की डाव्या हाताला एक निळ्या दाराचं घर लागतं. त्या घराच्या परसात, पाण्याच्या हौदामागच्या भिंतीवर जी अर्धीमुर्धी वाळलेली वेल दिसते, ती मी. मी पांढऱ्या फुलांची गोकर्णी. माझं फूल गाईच्या कानासारखं दिसतं, म्हणून हे नाव. निळ्या फुलांची गोकर्णी तुम्ही पाहिली असेल, ती गावोगावच्या कुंपणांवर असते. पांढरी त्या मानानं कमी. माझं खोड आता लाकडासारखं झालं आहे आणि साल सुटू लागली आहे. पण मला बघून हळहळू नका. मी जे सांगणार आहे ते ऐकलंत की तुमचीच हळहळ निघून जाईल.

मी मूळची इथली नव्हे. माझं माहेर झरी. तिथं कडूबाईच्या शेतात विहिरीच्या कडेनं काट्याचं कुंपण होतं आणि त्यावर माझी आई ऐसपैस पसरली होती. तिच्या अंगावर कळ्या, फुलं आणि शेंगा एकाच वेळी नांदायच्या, भरल्या घरात लहानथोर नांदतात तशा. आमची शेंग चपटी असते. वाळली की तपकिरी होते आणि एखाद्या कडक दुपारी टचकन उकलून बी लांब उडवते. मीही अशीच कुठंतरी उडून पडले असते. पण त्याआधीच कडूबाईनं माझी शेंग तोडली, बिया काढल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

त्या दिवशी तिच्याकडे तिची बालमैत्रीण आली होती. कावेरीबाई तिचं नाव. दोघी झरीच्या एकाच गल्लीत वाढलेल्या, एक मास्तरांची मुलगी आणि एक शेतकऱ्याची. कडूबाईला गावातच दिलं. कावेरीबाईंचं लग्न व्यंकटरावांशी झालं. ते येलदरीला धरणाच्या ऑफिसात कारकून होते. नोकरी संपल्यावर दोघांनी व्यंकटरावांच्या गावी, म्हणजे पोखर्णीला, राहायचं ठरवलं. सामान घेऊन तिकडे निघालेल्या कावेरीबाई वाटेत मैत्रिणीला भेटायला थांबल्या होत्या. निघताना कडूबाईनं पदराची गाठ सोडली आणि आम्हा बियांना त्यांच्या ओंजळीत घातलं. बी लय टणक असतंय, दगडावर जरा घास आन् रातभर भिजू घाल, असं तिनं बजावलं.

कावेरीबाई स्वभावानं फार मऊ. त्यांचा आवाज कधी चढत नाही. पहाटे आंघोळ, मग पोथी, मग पूजा, आणि देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही, हा त्यांचा रोजचा नेम. देवाच्या फुलाचं बी दगडावर घासायचं हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी चांगला दिवस पाहिला, मातीला हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या बहिणींना अक्षतांसकट अलगद पुरलं. एकही उगवली नाही. उगवणार कशी? आमचं कवच म्हणजे आतून कडी घातलेलं दार. हळूच टकटक करून ते उघडत नाही.

एक बी तेवढं कापराच्या डबीत राहून गेलं होतं. ते मी. एका सकाळी व्यंकटरावांनी मला उचललं आणि देवघरातल्या सहाणेवर चंदनाच्या खोडासारखं घासलं. कावेरीबाई म्हणाल्या, अहो, ती देवाची सहाण आहे. व्यंकटराव म्हणाले की बीही त्याच्यासाठीच आहे ना, मग त्याचीच हत्यारं वापरू दे.  मग कावेरीबाईंनीच मला पंचपात्रातल्या पाण्यात भिजत ठेवलं. मी चंदनाचा वास घेऊनच मातीत गेले आणि काही दिवसांत डोकं वर काढलं.

मला हात नाहीत. माझा शेंडाच आधाराभोवती वेटोळी घालत वर जातो. व्यंकटरावांनी भिंतीवर खिळे ठोकून सुतळ्या ताणल्या. मी त्या धरून वर गेले आणि पानांनी भिंत झाकून टाकली. फूल मात्र एकही नाही. त्याचं कारण ऐका. कावेरीबाई देवाच्या अभिषेकाचं दुधादह्यामधाचं पाणी पायदळी पडू नये म्हणून रोज माझ्या मुळाशी आणून ओतायच्या. वर शेणखताची पाटी. माझ्या मुळांना बारीक गाठी असतात, त्यातून मी आपली भूक आपणच भागवते. मला एवढा पाहुणचार सोसत नाही. खालून मुंग्यांची रांग, वरून शेजारच्या कडुनिंबाची दाट सावली, आणि मधे मी नुसती पानं वाढवत बसलेली. व्यंकटराव म्हणायचे, या घरात सगळ्यांना उपास आहेत, एकदा वेलीलाही घडव.

त्या वर्षी श्रावणात एका पहाटे कावेरीबाई माझ्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. त्या अगदी पुटपुटल्या, पण मी ऐकलं. "नृसिंहा, ही फुलू दे. हिला येईल ते प्रत्येक फूल तुझं. एकही दुसऱ्या कुणाचं नाही."

पुढच्याच आठवड्यात विजेच्या तारांना लागते म्हणून कडुनिंबाची ती फांदी छाटली गेली. माझ्यावर ऊन पडलं. तेव्हाच व्यंकटरावांनी अभिषेकाचं पाणी तुळशीच्या मागच्या मोकळ्या मातीत न्यायला सांगितलं होतं. आणि मी फुलले. देवानं ऐकलं, असं कावेरीबाई सांगतात. मला ऊन मिळालं, हेही खरं. देव ऐकतो तेव्हा तो उनाच्याच पायांनी येत असेल, असं मी आपलं समजते.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. पहाटे कावेरीबाई ओल्या केसांनी परसात यायच्या. आधी मला हात जोडायच्या, फुलं नेते गं बाई म्हणायच्या आणि मगच परडी पुढं करायच्या. फांदी कधी ओढली नाही, कळी कधी तोडली नाही. फुलाचा वास स्वतः आधी कधी घेतला नाही. दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, हेही त्यांनी कधी मोडलं नाही. त्यांच्या देवघरात नृसिंहाचा चांदीचा टाक आहे. पहिली फुलं त्याला, उरलेली देवळात. देवळातले गुरुजी परडी पाहून विचारायचे, भिंतीवर दूध सांडलंय की काय तुमच्या? त्या दिवशी कावेरीबाई घरी आल्या की माझ्या पानांवरून हात फिरवायच्या.

बोललेला शब्द त्या इतका काटेकोर पाळायच्या, की शेजारच्या छोट्या सृष्टीनं एकदा केसांत माळायला एक फूल मागितलं, तर त्यांनी तिच्या दोन्ही हातांत चिकू भरून दिले, जवळ घेतलं, पण फूल काही दिलं नाही. सृष्टी चिकू खात गेली. कावेरीबाईंचेच डोळे भरून आले होते.

मला कशाची तक्रार नव्हती. माझं फूल एकाच दिवसाचं, आणि तो दिवस त्याला देवापाशी मिळत होता. पण हौदाच्या पलीकडे घेवड्याचा वेल होता. तो फुलायचा आणि फुलांमागून त्याला शेंगा लोंबायच्या. त्या वाऱ्यानं हलल्या की मला झरीची विहीर आठवायची. शेंग धरल्यावर कसं वाटतं, हे मला ठाऊकच नव्हतं. विचारणार तरी कुणाला?

अशी बरीच वर्षं गेली. मग एका माघात कावेरीबाईंची मुलगी मैथिली हिचे दिवस भरत आले. ती पुण्याला असते, म्हणून कावेरीबाई तिकडे गेल्या. जाताना व्यंकटरावांना दोन गोष्टी सांगून गेल्या, वेलीची फुलं रोज देवाला आणि वेलीला पाणी. फोनवर रोज विचारायच्या, आज फुलं वाहिली ना? व्यंकटराव खरं तेच सांगायचे की वाहिली, एकही चुकलं नाही. आणि खरंच, त्यांनी एकही चुकवलं नाही. नातू झाल्याचं कळलं त्या दिवशीसुद्धा आधी फुलं, मग पेढे.

पाणी मात्र ते विसरत गेले. आधी दिवसाआड, मग आठवण येईल तेव्हा. आमच्या परभणीकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मार्च सरता सरता मातीला भेगा पडल्या. मग एके दिवशी घाबरून त्यांनी माझ्या मुळाशी बादल्यांवर बादल्या रिचवल्या आणि पुन्हा विसरले. सुकलेल्या बुंध्याला वाळवी लागली. ती मातीच्या नळ्या बांधत माझ्या अंगावर चढली. फुलं थांबली तेव्हा व्यंकटरावांना वाटलं, उन्हाळा आहे, थांबायचीच.

ज्येष्ठात कावेरीबाई परत आल्या. पिशवी खाली न ठेवताच त्या परसात आल्या.  व्यंकटराव हौदापाशी मान खाली घालून उभे राहिले आणि म्हणाले, "फुलांचं तू फोनवर रोज विचारायचीस. पाण्याचं कधी विचारलं नाहीस."

"चुकलंच माझं," कावेरीबाई म्हणाल्या. मित्रांनो, ते त्या टोचून बोलल्या नव्हत्या. त्यांना तसंच वाटत होतं.

मग माझी सेवा सुरू झाली. वाळवीच्या नळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या. बुंध्याशी राख टाकली. कडुनिंबाचा पाला उकळून त्याचं पाणी गार करून शिंपडलं. मेलेल्या फांद्या कापल्या. भाज्या धुतलेलं पाणी सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, माती फक्त ओली राहील इतकंच. खोड बहुतेक गेलं होतं, पण एका बाजूनं एक हिरवी फांदी फुटली. पाऊस पडल्यावर तिला थोडी फुलं आली. कावेरीबाईंनी ती देवाला वाहिली आणि आता ही वाचली असं सगळ्यांना सांगितलं. आत काय चाललंय ते मलाच माहीत होतं. बुंधा पोखरलेला होता. एखादा हंगाम निघेल, फार तर.

त्याच श्रावणात कडूबाई आली. शनिवारी नृसिंहाचं दर्शन घेऊन ती सरळ परसातच आली, कारण कावेरीबाई कुठं सापडतील हे तिला माहीत होतं. दोघी हौदाच्या कट्ट्यावर बसल्या. आधी नातवाचा फोटो बघून झाला, कुणावर गेलाय यावर वाद झाला, गुडघ्यांचं रडगाणं झालं. मग कडूबाईनं पदराचं टोक हातात घेतलं.

"कावेरे, मागायला आले बघ. तुला दिलेलं बीच परत मागायलेय."

तिच्या शेताला लागून नवा रस्ता झाला होता. त्यात विहिरीकडचं कुंपण गेलं आणि कुंपणासोबत माझी आईही. हे मी त्या दिवशी भिंतीवरूनच ऐकलं. कडूबाईच्या मुलानं, गोपाळनं, शेतातच नवं घर बांधलं होतं. दारावर ती पांढरी वेल पाहिजे, असा कडूबाईचा हट्ट होता. तिच्या सासूनं लावलेली होती ना ती. गोपाळनं परभणीहून एक रोप आणलं होतं. "पांढरी म्हणून पैसे घेतले आन् निघाली निळी. म्या म्हणलं गोपाळला, आता हिला चुना फास."

कावेरीबाई खूप हसल्या. पाहिजे तेवढ्या शेंगा ने म्हणाल्या, उठल्या आणि त्यांनी माझ्या पानांत हात घातला. एक फांदी बाजूला केली, दुसरी केली. वाळक्या फांद्या चाचपल्या. मग कडूबाईही उठून शोधू लागली.

"कावेरे, येवढ्या वर्सांत एक बी शेंग न्हाई?"

"मी फुलं तोडते ना रोज."

"समदी?"

"सगळी. तसं बोलले होते देवाला."

 कडूबाईनं माझा बुंधा नखानं खरवडून पाहिला. आतून भुसा गळाला. शेतातली बाई ती, तिला कळलं. पण ते तिनं कावेरीबाईंना सांगितलं नाही. हात झटकून म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग. देवाला बोललेलं माझ्यापायी मोडू नको. निळी तर निळी."

ती गेली. गाठ मारायला धरलेलं पदराचं टोक तिनं चालता चालता सोडून दिलं. कावेरीबाईंनी ते पाहिलं. बुंध्यातून गळालेला भुसाही त्यांनी पाहिला होता.

त्या दुपारी त्या माझ्यापुढे बसून राहिल्या. व्यंकटराव चहा घेऊन आले तेव्हा म्हणाल्या, "आमच्या झरीला धार काढताना एक सड वासराला सोडायचे. मी हिचं एकही सोडलं नाही."

व्यंकटराव म्हणाले की मग सोड एखादं, कोण बघायलंय? त्यावर त्या म्हणाल्या की ज्याला शब्द दिलाय तो बघायलाय. शब्द मोडला तर नेम कशाचा? आणि पाळला तर वेल संपते, कडूच्या दाराला काही उरत नाही. प्रत्येक फूल देवाला पोचलं पाहिजे आणि एक तरी फूल वेलीवर राहिलं पाहिजे. दोन्ही कसं व्हावं?

व्यंकटराव थट्टेखोर माणूस. कपबशी उचलता उचलता बोलून गेले, "फूल देवाकडे जात नसेल तर देवाला बोलव इकडं. तुझा देव खांबातून बाहेर आलेला. परसात यायला त्याला काय रिक्षा लागतेय?"

ते हसत आत गेले. कावेरीबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते पहिल्या फुलाच्या सकाळीच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या ताम्हण घेऊन परसात आल्या. ताम्हणात नृसिंहाचा टाक होता. माझ्या बुंध्याशी पाट मांडला, त्यावर ताम्हण ठेवलं. तुळशीच्या पानानं माझ्यावर पाणी शिंपडलं. मग फांदी न मोडता, देठ न ताणता, माझं उमललेलं फूल त्यांनी वाकवून टाकाला टेकवलं आणि अक्षता वाहिल्या. "हे तुझं," त्या म्हणाल्या. आणि हात सोडला. फांदी सावकाश वर गेली. फूल माझ्याच अंगावर राहिलं.

मित्रांनो, इतकी वर्षं माझी फुलं देवाकडे गेली, पण देव काय असतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिला. हाताच्या तळव्याएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर माझ्या पाकळीची ओली खूण.

दिवस मावळला, फूल मिटलं आणि खाली मान घातली. त्याच्या पोटात काहीतरी धरू लागलं होतं. दुसऱ्या दिवशी कावेरीबाई आंघोळीला गेल्या होत्या तेव्हा व्यंकटराव परसात आले. त्यांनी ते मिटलेलं फूल पाहिलं, नीट खुडलं आणि निर्माल्याच्या टोपलीत टाकलं. देवाला वाहिलेलं कालचं फूल आज तसंच ठेवायचं नसतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. बायकोचं काम हलकं केलं म्हणून ते खूशही होते.

कावेरीबाई आल्या आणि टोपलीपाशीच थांबल्या. व्यंकटरावांच्या लक्षात आलं. "निर्माल्य होतं म्हणून काढलं," ते म्हणाले.

"अहो, निर्माल्य नव्हतं ते. प्रसाद होता. कडूचा."

एवढंच. व्यंकटराव टोपलीत हात घालून ते फूल शोधू लागले, जणू परत लावता येणार होतं. मग पाट ओढून बसून राहिले.

त्यानंतर पावसाची झड लागली. माझ्या फांदीवर कळ्या धरेनात. ज्या धरल्या त्या गळाल्या. बुंध्यातून वर येणारं पाणी दिवसेंदिवस कमी होत होतं. गणपती गेले. माझी खालची पानं पिवळी पडली. कावेरीबाई रोज पहाटे ताम्हण घेऊन यायच्या, मला न्याहाळायच्या, आणि फूल नाही म्हणून टाकाला नुसती तुळस वाहून परत जायच्या. कळी नसली तरी त्यांनी चिडून एक दिवसही चुकवला नाही. मी माझी सगळी उरलीसुरली ताकद एका शेंड्याकडे पाठवत होते.

भाद्रपद संपताना तिथं एक कळी धरली. एकच.

ती उमलली त्या सकाळी घरात गडबड उडाली. पाट व्यंकटरावांनी आणला. फूल टाकाला टेकलं, अक्षता पडल्या आणि फांदी वर गेली. मग कावेरीबाईंनी पूजेतल्या तांबड्या नाड्याचा तुकडा घेतला आणि त्या देठाला सैल बांधला, कुणाचा हात सवयीनंही जाऊ नये म्हणून. व्यंकटराव म्हणाले, हा माझ्यासाठीच बांधायलीस. त्या म्हणाल्या, हो.

त्या दिवसापासून व्यंकटरावांनी खुर्ची परसात आणली. पेपर तिथं, चहा तिथं, फोन तिथं. शेळी आली तर काठी, पोपट आला तर टाळ्या. सृष्टीला त्यांनी दुपारच्या पहाऱ्यावर नेमलं आणि पगार म्हणून चिकू ठरला.

फूल मिटलं, सुकलं, आणि त्याच्या टोकातून हिरवी, केसाळ, नखाएवढी शेंग बाहेर आली. मला काय वाटलं ते कसं सांगू? जड वाटलं. इतकी वर्षं वारा माझ्या अंगातून आरपार जायचा, आता तो एका जागी अडायचा. शेंग पेराएवढी झाली, मग बोटाएवढी होत आली. पाठीवर बियांचे उंचवटे दिसू लागले. मी एकेक पान गाळून तिच्याकडे रस वळवत होते. लोकांना वाटत होतं वेल मरायलीय. कावेरीबाईंना खरं कळलं होतं. त्या पिवळं पान हातात घेऊन म्हणायच्या, दे बाई, दे.

दिवाळी आली तशी शेंग तपकिरी झाली. ती उकलून बी उधळू नये म्हणून कावेरीबाईंनी व्यंकटरावांच्या जुन्या धोतराचा विरलेला तुकडा तिच्याभोवती पुरचुंडीसारखा बांधला. आणि तुळशीच्या लग्नाच्या आधी एका दुपारी, व्यंकटराव खुर्चीत पेंगत असताना, त्या पुरचुंडीत टच आवाज झाला. ते दचकून उठले आणि आत बघून हाक मारली. एरवी मोठ्यानं बोलू नका म्हणणाऱ्या कावेरीबाई धावत आल्या, हाताला पीठ तसंच.

दोघं बसनं झरीला गेली. मी तिथं नव्हते, पण परत आल्यावर परसात बसून दोघांनी ते इतक्यांदा सांगितलं, की मीच गेले होते असं मला वाटतं. कडूबाई नव्या घराच्या ओट्यावर कापूस निवडत बसली होती. कावेरीबाईंनी पुरचुंडी सोडली. कडूबाईनं बिया बघितल्या, मग मैत्रिणीकडे बघितलं.

"नेम मोडलास?"

"नाही मोडला. प्रसाद आणलाय."

मग कावेरीबाईंनी सगळं सांगितलं, रिक्षापासून नाड्यापर्यंत. कडूबाई डोळे पुसत हसली आणि व्यंकटरावांना म्हणाली की दाजी, तुमी आजवर केलेल्या थट्टांत येवढी एकच कामाची निघाली बघा. आणि तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली.

थंडीत बी नीट उगवत नाही, म्हणून होळीपर्यंत थांबायचं ठरलं. एक बी कावेरीबाईंनी घरासाठी ठेवलं होतं. कडूबाईनं होळी होताच पेरलं, पण आमची भिंत उन्हाळ्यात फार तापते म्हणून कावेरीबाईंनी पहिल्या पावसानंतर एका सकाळी ते हातात घेतलं आणि देवघरातल्या सहाणेवर घासलं. व्यंकटराव दारातून बघत होते. ते नुसते खाकरले. कावेरीबाई मान वर न करता म्हणाल्या, कळलं हो मला.

ती आता माझ्या बुंध्याशी उगवली आहे. माझी मुलगी.

परवा पहाटे झरीहून फोन आला. पूजा व्हायची होती, पण कावेरीबाईंनी उचलला. कडूबाईच्या दारावर पहिलं फूल उमललं होतं. पांढरं. ती विचारत होती, तोडू का ठेवू? कावेरीबाईंनी वळून परसाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हात जोड आणि ठेव. पहिलं तिचं तिला असू दे."

मित्रांनो, तुमच्या अंगणात एखादी वेल असेल तर तिला थोडं ऊन द्या, थोडंच पाणी द्या, पण रोज द्या. तिच्यावर माया करा, आणि मायेनं तिला बुडवू नका. फुलं जरूर तोडा, देवाला वाहा, आईच्या केसांत माळा. पण एखादं फूल वेलीवर राहू द्या. ते तोडलं नाही तरी देवाला पोचतं. मी पोचलेलं पाहिलं आहे.

माझी शेवटची फांदीही आता वाळली. मागच्या आठवड्यात व्यंकटराव कोयता घेऊन माझं खोड काढायला आले होते. कावेरीबाईंनी त्यांचा हात धरला आणि खाली दाखवलं. त्या इवल्याशा रोपाला सुतळी नको होती. ती सोडून माझ्याच कोरड्या अंगाला पहिलं वेटोळं घालून ते वर निघालं होतं.